आधी वजन की आधी ऑपरेशन?

पत्राचा सारांश: हे पत्र कोपरखैरण्याच्या एका वाचक भगिनीचे आहे, ओळख पटेल असा तपशील गाळून त्यातला आशय येथे देत आहे. त्यांची पहिली मुलगी आता साडेतीन महिन्यांची आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते आणि तिसऱ्या दिवशी 'बाळ नॉर्मल आहे' असे सांगून प्रसूतिगृहातून घरी सोडले. पहिला महिना चांगला गेला. दुसऱ्या महिन्याच्या मध्यापासून बाळ दूध पिताना दमू लागले, दोन घोट घेऊन थांबू लागले, कपाळावर घामाचे थेंब जमू लागले. उकाड्यामुळे असेल म्हणून घरच्यांनी एसी लावला, बाळसे धरत नाही म्हणून दृष्टही काढली. तिसऱ्या महिन्यात न्यूमोनिया होऊन सहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. तेथे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात मोठे छिद्र, म्हणजे व्हीएसडी, असल्याचे कळले. फाइलवर 'हार्ट फेल्युअर' असे लिहिलेले आहे. औषधे सुरू झाल्यापासून धाप कमी झाली आहे, वजन आज ४ किलो १०० ग्रॅम आहे आणि बालहृदयरोगतज्ज्ञांनी महिन्याभरात शस्त्रक्रिया करून छिद्र बंद करण्याचा सल्ला दिला आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, एवढ्याशा जिवाला कापाकापी सोसवणार नाही; आधी अंगाला लागू द्या, वर्षाची झाली की बघू; शेजारच्या मुलाचे छिद्र दोन वर्षांत आपोआप बुजले. पतीचा निर्णय होत नाही आणि घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवावा असे त्यांना वाटते. शेवटी या भगिनी विचारतात, "औषधाने फरक पडतोच आहे, तर थांबल्याने काय बिघडेल? आणि मला सातवा महिना असताना ग्रहण होते, त्या वेळी मी भाजी चिरली होती. त्याचा याच्याशी संबंध असेल का?"

उत्तर:

फाइलवरच्या त्या दोन शब्दांपासून सुरुवात करते, कारण ठाण्यातल्या माझ्या तीस वर्षांच्या बालरोग-व्यवसायात या शब्दांनी जितक्या आईवडिलांची झोप उडवली, तितकी दुसऱ्या निदानाने क्वचितच उडवली असेल. आपल्याकडे फेल म्हणजे नापास आणि 'हार्ट फेल झाले' म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ रूढ आहे. डॉक्टर जेव्हा बाळाच्या फाइलवर हे शब्द लिहितात, तेव्हा त्यांना एवढेच सांगायचे असते की शरीराला हवे तेवढे रक्त पुरवताना हृदयाची ओढाताण होते आहे आणि त्या ओढाताणीची चिन्हे, म्हणजे धाप, घाम, वाढलेले यकृत, अडून बसलेले वजन, दिसू लागली आहेत. ताप हे जसे एखाद्या आजाराचे नाव नसून अवस्थेचे नाव आहे, तसेच हेही. ताप आला म्हटल्यावर आपण लगेच 'कशाचा?' असे विचारतो. हार्ट फेल्युअर म्हटल्यावरही पहिला प्रश्न तोच विचारायला हवा, आणि तुमच्या बाबतीत त्याचे उत्तर इकोच्या कागदावर स्वच्छ लिहिलेले आहे.

तुमच्या मुलीच्या हृदयाचा स्नायू दुबळा नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या इमारतीचेच उदाहरण घेऊ. तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा पंप उत्तम आहे, पण मधल्या पाइपला भोक असल्यामुळे निम्मे पाणी पुन्हा तळटाकीतच पडते. पंप दिवसभर चालतो, विजेचे बिल वाढत जाते आणि वरच्या मजल्यावरचा नळ मात्र करंगळीएवढाच वाहतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून शरीराकडे जायला निघालेले शुद्ध रक्त, तेथील दाब जास्त असल्याने, प्रत्येक ठोक्याला छिद्रातून उजवीकडे शिरते, तेथून फुप्फुसात जाते आणि फुप्फुसातून पुन्हा डावीकडे येते. फुप्फुसे त्यामुळे रक्ताने तुडुंब भरलेली राहतात. म्हणून धाप लागते आणि साधी सर्दीही न्यूमोनियापर्यंत जाते. बाळ निळे मात्र पडत नाही, कारण शरीराकडे जाणारे रक्त शुद्धच असते, आणि घरच्यांना आजार उशिरा जाणवण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मग पहिला महिना चांगला कसा गेला? गर्भात असताना फुप्फुसे वापरात नसतात, त्यांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, आणि जन्मानंतर त्या हळूहळू सैल होत साधारण सहा ते आठ आठवड्यांत नेहमीच्या स्थितीला येतात. त्या आकसलेल्या असतात तोवर छिद्र मोठे असूनही त्यातून फारसे रक्त वाहत नाही, आणि स्टेथोस्कोपमधून ऐकू येते ती 'मरमर', म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, वाहत्या रक्ताचीच असते. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांबद्दल तुमच्या पत्रात राग आहे. तो मी समजू शकते, पण तिसऱ्या दिवशी तपासणाऱ्याला काही ऐकू न येणे म्हणजे हलगर्जीपणाच झाला असे म्हणता येत नाही. सहाव्या आठवड्यात लसीसाठी बाळ येते तेव्हा कपडे काढून छाती नीट ऐकणे, जांघेतील नाडी पाहणे आणि वजनाचा आलेख भरणे हे मात्र व्हायलाच हवे. डॉक्टर विसरले, तर वाचकांनी आठवण करून द्यावी. घामाबद्दलही सांगायला हवे, कारण ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत घाम कोणाला येत नाही? उकाड्याचा घाम मानेवर, पाठीवर, झोपेतही येतो. हृदयावर ताण असलेल्या बाळाला तो नेमका दूध पिताना, कपाळावर आणि डोक्यावर येतो, पंख्याखालीही येतो, आणि हात-पाय त्या वेळी पुष्कळदा गार लागतात.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळू. त्यांच्या सल्ल्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही, कारण एके काळी डॉक्टरही हेच सांगत असत. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी असे छिद्र पहिल्यांदा शिवले, तेव्हा हृदय-फुप्फुस यंत्राचे काम चक्क बाळाच्या वडिलांच्या शरीराने केले होते. वडिलांना शेजारच्या टेबलावर झोपवून त्यांचे रक्ताभिसरण नळ्यांनी बाळाला जोडले होते. यंत्रे, भूल आणि शस्त्रक्रियेनंतरची अतिदक्षता तान्ह्या बाळांना झेपेल अशी नव्हती, तोवर फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती पट्टी आवळून तात्पुरती वेळ मारून न्यायची आणि मूल मोठे झाल्यावर छिद्र बंद करायचे, हीच रीत होती. १९७०च्या दशकापासून तान्हेपणीच थेट दुरुस्ती करण्याकडे शल्यचिकित्सक वळले. तेव्हा सासूबाईंचा सल्ला चुकीचा होता असे नाही, तो जुना झाला आहे, आणि त्यांच्याशी बोलताना हे अशाच शब्दांत सांगितले तर बोलणे पुढे जाईल.

'आधी वजन, मग ऑपरेशन' या म्हणण्यातली खरी अडचण क्रमाची आहे. पंप दिवसभर चालल्यामुळे येणारे विजेचे बिल बाळ दुधातून मिळणाऱ्या उष्मांकांतून भरते आहे. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी बाळ रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढते. त्या हिशेबाने तुमची मुलगी आज साडेपाच किलोंच्या आसपास असायला हवी होती. ती कमी पडली ती तुमच्या दुधात कस नाही म्हणून नाही. जोरजोरात श्वास घेण्यात आणि हृदय दामटवण्यात तिची कमाई खर्च होते, आणि दमल्यामुळे मुळात कमाईही कमी होते. छिद्र तसेच ठेवून वजन वाढण्याची वाट पाहणे म्हणजे गळका पाइप न बदलता टाकी भरण्याची वाट पाहणे. छिद्र बंद झाल्यावर मात्र ही बाळे ज्या वेगाने भरतात, तो पाहण्यासारखा असतो. चार किलोंच्या बाळाची ही शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रांत आज नित्याची आहे. धोका शून्य नाही. नुसत्या व्हीएसडीसाठी तो अशा केंद्रांत शेकडा एक-दोनच्या घरात किंवा त्याहूनही कमी असतो, आणि क्वचित हृदयाच्या ठोक्यांची वीजवाहिनी दुखावल्यामुळे पेसमेकर बसवावा लागतो. हे आकडे शल्यचिकित्सकांना त्यांच्या स्वतःच्या केंद्राबद्दल विचारा. असे विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगला शल्यचिकित्सक त्यावर चिडत नाही.

काही वेळा थांबणे योग्यही असते. छातीत संसर्ग ताजा असेल, रक्त फारच कमी असेल, किंवा इकोमध्ये छिद्र स्पष्टपणे लहान होत असल्याचे दिसत असेल, तर तज्ज्ञ स्वतःच काही आठवडे थांबायला सांगतात. या थांबण्याला तारीख असते, पुढच्या इकोचा दिवस ठरलेला असतो. 'वर्षाची झाली की बघू' यात तसे काहीच नाही.

शेजारच्या मुलाचे छिद्र बुजले, हे मी पूर्णपणे मानते. पडद्याच्या मांसल भागातील लहान छिद्रे मोठ्या संख्येने आपोआप बुजतात, आणि त्या मुलांना बहुतेक वेळा एकही औषध लागत नाही. पण त्या मुलाला दूध पिताना घाम येत होता का, न्यूमोनियासाठी रुग्णालयात राहावे लागले होते का, वजन अडले होते का, एवढे तीन प्रश्न शेजारणीला विचारून पाहा. 'हृदयाला छिद्र' हे शब्द दोन्ही घरांत सारखे असले, तरी ते किती मोठे, पडद्याच्या कोणत्या भागात आणि त्यातून किती रक्त वाहते, यावरून आजार ठरतो. झडपांच्या लगतची काही छिद्रे जवळजवळ कधीच बुजत नाहीत. एवढ्या लवकर औषधे लागावीत असे मोठे छिद्र वेळेत आपोआप बंद होईल, यावर मी तरी भिस्त ठेवणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न: फरक पडतोच आहे, तर थांबले तर काय बिघडेल? येथे मला जरा सावकाश सांगू द्या, कारण या आजारातील सर्वांत फसवी गोष्ट येथेच आहे. औषधांमुळे आलेला आराम खरा आहे. लघवी वाढवणारे औषध फुप्फुसांत साचलेले पाणी कमी करते, त्यासोबतचे दुसरे औषध लघवीवाटे जाणारे पोटॅशियम राखते, आणि एनालाप्रिलसारखे औषध शरीराच्या रक्तवाहिन्या सैल करून रक्ताला पुढे जायला वाट देते. छिद्राला मात्र यांपैकी कोणतेही औषध हात लावत नाही; शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस नीट जावेत एवढेच त्यांचे काम. आणि बाळाला बरे वाटण्याचे एक दुसरेही कारण असू शकते. महिनोन् महिने जोराच्या दाबाखाली राहिलेल्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या स्वतःला वाचवण्यासाठी आतून जाड आणि कडक होऊ लागतात. त्या कडक झाल्या की छिद्रातून उजवीकडे येणारे रक्त आपोआप कमी होते, धाप ओसरते, घाम थांबतो, वजनही थोडे वाढते आणि घरात सगळे म्हणतात, 'बघा, म्हटले नव्हते का?' प्रत्यक्षात दार बंद होत चाललेले असते. हा बदल एका मर्यादेपलीकडे गेला की तो मागे फिरत नाही. पुढे कधी तरी रक्ताचा प्रवाह उलटतो, अशुद्ध रक्त शरीराकडे जाऊ लागते, मूल निळे पडते, आणि त्या टप्प्यावर छिद्र बंद करणे जिवावर बेतू शकते. याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. मी व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत अशी बारा-चौदा वर्षांची मुले पाहिली आहेत, निळसर ओठांची आणि ढोलकाच्या काठीसारखी फुगलेली बोटांची टोके असलेली, ज्यांच्या आया सांगत की 'लहानपणी दम लागायचा, मग आपोआप बरा झाला होता.' मोठी छिद्रे म्हणूनच सहसा पहिल्या वर्षाच्या आत, बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बंद करतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत हा बदल आणखी लवकर होतो, त्यामुळे त्यांच्या पालकांकडे थांबायला वेळ आणखीच कमी असतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत असे झाले आहे असे मी म्हणत नाही. ते टाळण्यासाठीच तज्ज्ञांनी महिन्याभराची मुदत दिली आहे.

ऑक्सिजनच्या सिलिंडरबद्दल तुमच्या पतींना सांगा की ही हौस येथे उपयोगाची नाही. ऑक्सिजन फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आणखी सैल करतो, त्यामुळे अशा छिद्रातून फुप्फुसाकडे वाहणारे रक्त उलट वाढू शकते. न्यूमोनियासारख्या प्रसंगी डॉक्टर तो मोजून, यंत्रावर पातळी पाहत देतात. घरच्या घरी, घाबरून, नको.

घरी लक्ष द्यायचे ते औषधांच्या मापाकडे. एवढ्या लहान बाळांसाठी यांपैकी काही औषधे तयार पातळ स्वरूपात सहज मिळत नाहीत, मग आई गोळी चमच्यात चुरडून पाण्यात विरघळवते आणि त्यातला ठरावीक भाग देते. येथे मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होते, 'अर्धा' म्हणजे अर्धी गोळी की अर्धा मिली हे आजीला एक वाटते आणि बाबांना दुसरे. माझ्याकडे आलेल्या एका घरी पाणी पाच मिली घ्यायचे ते झाकणाने अंदाजे घेत होते, त्यामुळे रोजचा डोस वेगळा पडत होता. सुई नसलेली एक मिलीची सिरिंज आणा, डॉक्टरांसमोर तिच्यावर पेनाने खूण करून घ्या, आणि औषध भरून दाखवा. बाळाने औषध ओकले तर पुन्हा द्यायचे की नाही, हेही आधीच विचारून ठेवा; स्वतःहून दुप्पट करू नका. उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ही औषधे तशीच चालू ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा, कारण अंगातले पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला जड जातात. दुकानातून विचारून आणलेले सर्दी-खोकल्याचे औषध या बाळांना अजिबात नको, आणि गुटीही नको. गुटीत काय उगाळले जाते आणि किती, याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

दूध अंगावरचेच सुरू ठेवा. एक वेळचे पाजणे अर्ध्या तासापेक्षा लांबवू नका, कारण त्यापुढे बाळ मिळवते त्याहून जास्त खर्च करते. उरलेले दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या, आणि दोन-अडीच तासांनी थोडे थोडे पाजा. तरीही वजन जागचे हलले नाही, तर डॉक्टर दुधाचे उष्मांक वाढवण्याचा मार्ग सांगतील, किंवा काही दिवस नाकातून घातलेल्या बारीक नळीने दूध देतील. ती नळी पाहून घाबरू नका. दमलेल्या बाळाला त्या काळात विश्रांती मिळते. लसी थांबवू नका, न्यूमोनियाची लस तर अशा बाळांना इतरांपेक्षा जास्त हवी. शस्त्रक्रियेची तारीख आणि लसीची तारीख जवळ आली तर तेवढे तज्ज्ञांना विचारा. बाळ शांत झोपलेले असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजून वहीत लिहीत जा. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगाचा श्वास. तुमच्या मुलीचा नेहमीचा आकडा काय आहे हे तुम्हाला ठाऊक असले, तर तो वाढलेला लगेच कळेल. श्वास वाढला, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले, कण्हणे सुरू झाले, बाळ निस्तेज झाले, लघवी कमी झाली किंवा सलग दोन-तीन वेळा दूध घेतले नाही, तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या बालरोग अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.

ग्रहणाबद्दल. हृदयाचे कप्पे आणि त्यांमधला पडदा गर्भधारणेनंतर साधारण आठ आठवड्यांत तयार होऊन गेलेला असतो. बहुतेक स्त्रियांना त्या सुमारास नुकतीच दिवस गेल्याची खात्री पटत असते. सातव्या महिन्यात तुम्ही भाजी चिरली, सुई वापरली, बाहेर पडलात किंवा नाही, याने पाच महिन्यांपूर्वी पूर्ण झालेला पडदा बदलणार नव्हता. दर हजार जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो, आणि बहुतेकांत एक असे कारण सापडत नाही. आईचा आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह, पहिल्या महिन्यांतला रुबेला, फिट्सची काही औषधे, गुणसूत्रांतील फरक, जवळच्या नात्यातील लग्न, ही माहीत असलेली काही कारणे आहेत. तुमच्या पत्रात त्यांपैकी काहीच दिसत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा असे होण्याची शक्यता शेकडा दोन-तीन असते, म्हणून त्या वेळी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची इको करून घ्या. त्या तपासणीची सोय आता ठाणे-नवी मुंबईतही आहे.

इतर वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करते, कारण 'मुलाला हार्ट फेल्युअर सांगितले आहे' असे लिहिणारी सगळीच पत्रे छिद्राची नसतात, आणि कारण बदलले की उपचार पार बदलतो. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाळ अचानक कोमेजले, पायातली नाडी लागेना, तर महारोहिणीतला, म्हणजे हृदयातून शरीराकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीतला, अडथळा शोधावा लागतो, आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. काही बाळांचे ठोके मिनिटाला २२० च्या वर धावत राहतात, हृदय दमून जाते, आणि ठोके ताळ्यावर आणले की काही दिवसांत ते पूर्ववत होते. एखाद्या विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते. काही मुले पूर्ण बरी होतात, काहींना वर्षानुवर्षे औषधे लागतात आणि अगदी थोड्यांवर देशातील मोजक्या केंद्रांत हृदय प्रत्यारोपणाची वेळ येते. शाळकरी मुलांत घशाच्या जंतुसंसर्गानंतरचा संधिवाताचा ताप झडपा बिघडवतो. त्यांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि 'आता बरा आहे' म्हणून ते बंद करणारे पालक मला दर वर्षी भेटतात. कर्करोगाच्या काही औषधांनी हृदयाचा स्नायू वर्षांनंतरही दुबळा होऊ शकतो, म्हणून बरे झालेल्या मुलांचीही इको ठरावीक काळाने व्हायला हवी. मोठ्या मुलांत धाप नसून पोटदुखी, उलट्या आणि अन्नावरची वासना जाणे हीच पहिली लक्षणे असू शकतात, कारण यकृत आणि आतड्यांत रक्त तुंबते. आठवडाभर आम्लपित्ताचे औषध घेऊनही मूल मरगळलेले असेल आणि नाडी सतत वेगात असेल, तर हृदय तपासून घ्यावे.

एक बाळ मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाच महिन्यांचे, गुटगुटीत, केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले. फिट आली म्हणून आणले, इकोमध्ये हृदय जेमतेम हलत होते, आणि वडिलांनी प्रत्यारोपणाचा खर्च विचारायला सुरुवात केली होती. रक्तातले कॅल्शियम फारच कमी निघाले. आईच्या आणि बाळाच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हते. उंच इमारतींच्या दाटीत, पडदे ओढलेल्या खोलीत दोघींचे सगळे दिवस गेले होते. शिरेतून कॅल्शियम आणि मग ड जीवनसत्त्व सुरू केल्यावर काही महिन्यांत ते हृदय इतर कोणत्याही बाळासारखे झाले. पहिले वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात, ते अनेक घरांत दोन महिन्यांत संपतात आणि दुसरी बाटली येत नाही. म्हणून स्नायू दुबळा दिसला की कॅल्शियम तपासले का, हे विचारायला विसरू नका.

खर्चाचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण निर्णय लांबण्यामागे तो पुष्कळदा असतो आणि घरात कोणी बोलत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि जन्मजात हृदयदोषांच्या शस्त्रक्रिया त्यात येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलाशी शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी जा, भरती झाल्यावर धावाधाव नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचारांची सोय होते, आणि त्याची वाट अंगणवाडीतून किंवा जिल्हा रुग्णालयातून जाते. तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या खारघरमध्ये श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयोपचारांचे केंद्र आहे, तेथे शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्या, मात्र या आठ-दहा दिवसांत घ्या आणि ते बालहृदयरोगतज्ज्ञाचेच घ्या; मोठ्या माणसांच्या हृदयाचे नावाजलेले डॉक्टर यासाठी पुरेसे नाहीत. इकोचा कागद, छापील चित्रे, डिस्चार्ज कार्ड आणि वजनाची वही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. विचारायचे ते एवढे: छिद्र पडद्याच्या कोणत्या भागात आहे, फुप्फुसातला दाब किती आहे, ते आपोआप लहान होण्याची शक्यता तुम्हाला वाटते का, आणि थांबायचे असेल तर नेमके कोणत्या तारखेपर्यंत.

या भेटीला सासूबाईंना सोबत न्या. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका; डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत त्यांनाच बसवा आणि 'वर्षापर्यंत थांबलो तर?' हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. सुनेच्या तोंडून ऐकलेले उत्तर आणि इकोच्या पडद्यावर छिद्रातून उसळणारा रंगीत झोत स्वतः पाहणे, यांत फार अंतर आहे. तोपर्यंत श्वास मोजण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा; दुपारी बाळ झोपले की घड्याळ घेऊन मिनिटभर बसायला घरात त्यांच्याइतकी निवांत वेळ कोणाकडेच नसणार. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचे नसते, कारण मधले छातीचे हाड जुळत असते. एक हात मानेखाली आणि एक हात ढुंगणाखाली घालून उचलायचे असते, आणि तेलमालीशही शल्यचिकित्सकांनी सांगेपर्यंत बंद ठेवायची असते. हे उचलणे घरी सोडण्यापूर्वी तेथल्या सिस्टर शिकवतात. ते शिकायला तुमच्यासोबत त्यांनाही उभे करा, कारण तुम्ही कामावर परतल्यावर बाळ दिवसभर त्यांच्याच हातात असणार आहे.